वाण्याच्या यादीतलं वजन

गिऱ्हाईक पोळ्या मोजून घेतं, पाव किलो भाजी काट्यावर डोळ्यांनी बघून घेतं, पण त्या भाजीत तेल किती गेलं हे कोणी विचारत नाही. विचारायचं कारणच नसतं, कारण तेलाचा डबा मी विकत आणते. डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. डबा किती दिवस पुरला यावरून स्वयंपाकाच्या बाईंचा हात सैल सुटलाय की आखडलाय, ते मला बरोबर कळतं. त्यासाठी कढईपाशी उभं राहावं लागत नाही.

हाच हिशेब घरालाही लागू पडतो. पोट सुटायला लागलं की माणसं वजनकाट्यावर उभी राहतात, मग पट्टा लावून चालायला लागतात, मग भात बंद करतात. मी म्हणते, आधी वाण्याची यादी काढा. घरात काय खाल्लं जातं याबद्दल माणूस स्वतःशी खोटं बोलतो. यादी बोलत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. रोज 2000 किलोकॅलरी लागणाऱ्या माणसाचं ताट त्यात मांडून दाखवलं आहे: धान्य साधारण 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85, भाज्या 400, फळं 100, दाणे आणि तेलबिया 35, तेल-तूप 27 ग्रॅम, आणि 300 मिलिलिटर दूध किंवा दही. हे सगळं कच्च्या मालाचं वजन. पण ग्रॅममध्ये स्वयंपाक कोण करतं? म्हणून मी त्याची चार माणसांची, तीस दिवसांची यादी केली. घरात लहान मूल असेल, अंगमेहनतीचं काम करणारं कोणी असेल, तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील. अंदाज मात्र पक्का मिळतो.

पहिलं तेल. चार माणसांना महिन्याला सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटर. यात तूप आलं, लोणी आलं, दिवाळीचं तळणही आलं. आता ज्या घरात पाच लिटरचा कॅन महिन्यात संपतो, तिथे माणशी रोज 11 ग्रॅम जास्त जातं. एका ग्रॅम चरबीत 9 किलोकॅलरी, म्हणजे रोजच्या शंभर. अर्धा तास भरभर चालून साधारण तेवढ्याच खर्ची पडतात. थोडक्यात, सकाळी बागेत चालून कमावलेलं घरी आल्यावर फोडणीतच संपतं. आणि वाटेत वडापाव झाला असेल, तर त्याचा हिशेब वेगळा.

तेल कमी करायचं म्हणजे बेचव खायचं, असं नाही. कॅनमधून थेट कढईत धार धरायचं बंद करा. फोडणीला पळी नको, चहाचा चमचा घ्या. चार माणसांच्या भाजीला तीन चमचे भरपूर होतात; कढई नीट तापली असेल आणि झाकणावर पाणी ठेवून भाजी वाफवली, तर खाली लागत नाही. घडीच्या पोळीला आत आणि वरून मिळून चमचाभर तेल लागतं, म्हणजे पोळीमागे चाळीस किलोकॅलरी. फुलक्याला ते लागत नाही. माझ्याकडे ‘काकू, बिनतेलाच्या द्या’ म्हणणारे वाढलेत, ते चांगलंच आहे. पण तेच लोक सोबत बटाट्याची तळलेली काचरी मागतात, तेव्हा हसू आवरत नाही.

दुसरी डाळ, आणि इथे बहुतेक घरांची यादी उघडी पडते. माणशी 85 ग्रॅम म्हणजे चौघांना महिन्याला दहा किलो डाळ-कडधान्यं लागतात. तुमच्या यादीत किती आहेत? दोन किलो तूरडाळ, किलोभर मूग आणि अर्धा किलो हरभरे एवढ्यावर महिना काढणारी घरं मला माहीत आहेत. आमटी इतकी पातळ की वाटीचा तळ दिसावा. प्रथिनं कमी पडली की पोट भरल्यासारखं वाटत नाही, मग चार वाजता फरसाणाचा डबा उघडतो. म्हणून आमटी घट्ट करा, रोज एकदा मोडाची उसळ ठेवा, नाश्त्याला पोह्यांऐवजी आठवड्यातून दोनदा मुगाचं धिरडं करा. मासे, अंडी खाणाऱ्यांनी डाळीचा काही भाग तिकडे वळवायला हरकत नाही. किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

तिसरी भाजी. चौघांना रोज एक किलो सहाशे ग्रॅम, आणि बटाटा त्यात धरायचा नाही. आठवड्याला अकरा किलोच्या वर! हा आकडा ऐकून बायका माझ्या तोंडाकडे बघतात. पण कोशिंबीर, सकाळच्या उपम्यातला गाजर-मटार, आमटीतल्या शेवग्याच्या शेंगा, टोमॅटो, पालेभाजी, सगळं यात येतं. आपल्या ताटात डावीकडे लिंबाशेजारी कोशिंबीर असते. ती चमच्याएवढी न वाढता वाटीभर वाढायची, एवढाच बदल.

धान्याचं उलट आहे. चौघांना महिन्याला तीस किलो पुरे; त्यात गहू, तांदूळ, ज्वारीच नव्हे, तर पोहे, रवा, पाव, मैदाही धरायचा. माझ्याकडची पोळी 30 ग्रॅम पिठाची असते. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या आणि वाटीभर भात, रात्री दोन पोळ्या. झाले अडीचशे ग्रॅम. चहाबरोबरची खारी आणि संध्याकाळचा पाव त्यावर चढतो. म्हणून एकटा भात बंद करून काही होत नाही. भाताची जागा चौथ्या पोळीनं घेतली तर वजनाला त्याचा पत्ताही लागत नाही.

साखरेचं माप माणशी रोज 25 ग्रॅमच्या आत, म्हणजे चौघांना तीन किलो. गूळ, बिस्किटं, मिठाई आणि थंड पेयं धरून. गूळ घातला म्हणून चहा पथ्याचा होत नाही. मीठ माणशी रोज 5 ग्रॅम, महिन्याला सहाशे ग्रॅम. पण पापड, लोणचं, वेफर्स आणि पावातलं मीठ यादीत ‘मीठ’ म्हणून लिहिलेलं नसतं, तेही ध्यानात घ्या.

काही जण म्हणतात, मी तर सडपातळ आहे, मला कशाला हा हिशेब? त्यांना मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगते. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभे असलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. पुण्याजवळच्या गावांमधल्या बाळांचा अभ्यासही याज्ञिकांनी केला. ती बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं बारीक, तरी अंगावर चरबीचा वाटा जास्त, स्नायू कमी. म्हणून आपल्यासाठी मोजपट्टीही कडक आहे. बीएमआय 23 च्या वर गेला की सावध व्हायचं. पोटाचा घेर पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या आत ठेवायचा. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते.

स्नायू कमी असतील तर ते वाढवायला हवेत, आणि नुसत्या चालण्यानं ते पुरेसे वाढत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं दम लागेल असा व्यायाम सांगते आणि त्याशिवाय दोन दिवस ताकदीचा. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग हवा. ताकदीसाठी जिमच हवी असं नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार रुजवले. सतरंजीएवढी जागा त्याला पुरते. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा-बसा. घरकामात व्यायाम होतो का, हे बायका हमखास विचारतात. दम लागेल अशी लादी पुसली, पाण्याच्या बादल्या जिन्यावरून वाहिल्या, तर होतो. ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहिल्यानं मात्र फक्त टाचा दुखतात. आणि जेवणानंतरची शतपावली सोडू नका. जेवून दहा-पंधरा मिनिटं चाललं की रक्तातली साखर कमी चढते, हे आता संशोधनातूनही दिसलं आहे.

पद्धतींच्या भांडणात मी पडत नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीत दिवसाला दोनदाच, प्रत्येकी 55 मिनिटांत जेवण आटपायचं असतं; ऋजुता दिवेकर दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खायला सांगतात. दोन्हीकडचे भक्त माझ्याकडून डबा नेतात. ज्याला जे झेपेल आणि वर्षभर टिकेल ते करावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनानं बदलू नयेत. यादीतलं माप सुटलं तर कुठलीच पद्धत तारत नाही. उपासाचंही तसंच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर बटाटा, तूप आणि दाण्याचं कूट. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्या पूर्वजांनी उगाच म्हटलेलं नाही. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी आणि दही बरं.

घाईही नको. ऐंशी किलोच्या माणसाचे चार किलो उतरले तरी रक्तदाब आणि साखर सुधारायला लागते. आठवड्याला अर्धा किलो हा वेग चांगला. त्याहून जास्तीची जाहिरात करणाऱ्यांपासून दूर राहा.

तेव्हा येत्या एक तारखेला एवढंच करा. गेल्या महिन्याचं वाण्याचं बिल काढा, माणसांनी भागा आणि तेल, साखर, डाळ या तीन ओळींखाली रेघ मारा. पहिल्या दोन कमी करा, तिसरी वाढवा आणि उरलेल्या पैशांची भाजी आणा. भात, तूप, पुरणपोळी काही सोडावं लागणार नाही; फक्त मापानं खावं लागेल.