गाठ आत की बाहेर?

सोनोग्राफी केंद्राच्या दारावर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी, आणि आत बाकावर बहुतेक गरोदर बायका. त्यांच्यात अंडकोषाच्या तपासणीची चिठ्ठी चौघडी करून मुठीत धरलेला पुरुष पार अवघडून बसतो. गाठ हाताला लागूनही कित्येक जण महिनोन्‌महिने गप्प राहतात, ते या संकोचापायीच. तपासणीत दुखत काही नाही; पोटाला लावतात तेच गार जेल.

ही गाठ कसली, याआधी डॉक्टर पाहतात ती आहे कुठे. वृषणाच्या आत की बाहेर? बाहेरच्या, म्हणजे वृषणामागच्या नळ्यांच्या गुंडाळीतल्या किंवा वर जांघेकडे जाणाऱ्या दोरीतल्या गाठी प्रौढांमध्ये बहुतांशी साध्या निघतात. आतली भरीव गाठ मात्र कर्करोगाचीच असं धरून चालतात. भोवती पाणी साचलं असेल, तर बोटांना हा फरक कळत नाही.

तिथे सोनोग्राफी कामी येते. तिच्या प्रोबमधून सेकंदाला सुमारे १ कोटी कंपनं निघतात. अशा तरंगाची लांबी शरीरात जेमतेम ०.१५ मिलिमीटर भरते. ते फार खोल पोचत नाहीत, पण इथे खोल जायचंच कुठे असतं? त्या बदल्यात बारकावे मिळतात. साचलेल्या स्वच्छ पाण्यातून प्रतिध्वनी परतत नाही, म्हणून हायड्रोसील (वृषणाभोवती पाणी साचून होणारी अंडवृद्धी) काळंभोर दिसतं. वृषण एकसारखं करडं, रवाळ.

सगळ्यात देखणी (गाठीला हा शब्द शोभत असेल तर) एपिडर्मॉइड सिस्ट. वृषणाच्या आत असूनही साधी. केराटिनचे थर एकावर एक बसलेले, त्यामुळे पडद्यावर थेट आडवा कापलेला कांदा दिसतो. डॉपलर लावला तरी आत रक्तप्रवाह सापडत नाही. चित्र असं असेल आणि रक्ततपासणीतही काही वावगं नसेल, तर अख्खं वृषण न काढता फक्त गाठ सोलून काढण्याचा विचार करता येतो. अंतिम निवाडा अर्थात सूक्ष्मदर्शकाचा.

विदर्भात हत्तीरोगाचा जुना वावर आहे; अंडवृद्धीचं तिथलं एक कारण तेच. या रोगाचे सुतासारखे जिवंत कृमी लसीकावाहिन्यांत वळवळताना सोनोग्राफीत दिसू शकतात. त्याला 'फायलेरियल डान्स' म्हणतात. औषध लागू पडलं का, हे पाहायला संशोधक पुन्हा त्याच जागी प्रोब ठेवतात आणि नाच थांबलाय का ते बघतात.