आईसाठी नर्स शोधताना

आपण इथे शिकायला आलो तेव्हा आई-वडील धडधाकट होते. आता ग्रीन कार्डवर आलेले तेच आई-वडील पंच्याहत्तरीला टेकलेत. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर ड्रेसिंग, इन्सुलिन, कॅथेटर कोण बघणार? नवरा-बायको दोघंही नोकरीवर! मग एजन्सीला फोन जातो आणि उत्तर येतं, "काळजी नको, नर्स पाठवतो."

इथेच विचारायचं : नर्स म्हणजे नेमकी कोण? अंघोळ घालणारी, जेवण भरवणारी होम हेल्थ एड ही नर्स नव्हे. एलपीएन म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये तिलाच एलव्हीएन म्हणतात. साधारण वर्षभराचं शिक्षण, एनक्लेक्स-पीएन ही परीक्षा आणि मग राज्याचं लायसन्स. ती औषधं देते, ड्रेसिंग करते, पण आरएन किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तेव्हा एजन्सीला हेही विचारा, की देखरेख करणारी आरएन कोण आणि ती घरी किती दिवसांनी येणार?

आता तपासणी. नर्सचं लायसन्सवरचं पूर्ण नाव, राज्य आणि नंबर मागून घ्या. राज्याच्या बोर्डाकडे किंवा 'नर्सिस' या राष्ट्रीय नोंदणीत ते इंटरनेटवर फुकट पाहता येतं. तीन गोष्टी बघा : लायसन्स चालू आहे का, मुदत कधी संपते आणि शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का. चौथी गोष्ट राज्याची. बरीच राज्यं एकमेकांचं लायसन्स मानतात, पण 2025 च्या सुरुवातीला न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्निया त्या करारात नव्हते. म्हणजे न्यू जर्सीची नर्स हडसन ओलांडून क्वीन्सला यायची, तर तिला न्यू यॉर्कचं लायसन्स वेगळं हवं.

नुसत्या डिप्लोम्याच्या झेरॉक्सवर मात्र विसंबू नका. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग स्कूल्समधून 7,600 हून अधिक खोटे डिप्लोमे आणि गुणपत्रकं विकली गेल्याचं जानेवारी 2023 मध्ये सरकारनं जाहीर केलं. ते विकत घेतलेल्यांपैकी काही जण परीक्षा पास होऊन लायसन्सही मिळवून बसले होते. म्हणून नोंदणी पाहिल्यावरही आधीच्या एक-दोन कुटुंबांशी बोला. पहिल्या दिवशी घरी थांबा, फोटो आयडीवरचं नाव आणि नोंदणीतलं नाव जुळवा, आणि ती हात धुण्यापासून औषधाची नोंद करण्यापर्यंत काय-काय करते ते बघा.

"असं विचारणं बरं दिसतं का?" असं आपल्याला वाटतं. आईही म्हणते, "पोर गोड आहे रे, कशाला छळतोस?" पण भीड ही भिकेची बहीण! आम्ही इंजिनिअर लोक पुलाच्या स्टीलचं टेस्ट सर्टिफिकेट मागतो, तेव्हा पुरवठादार रुसत नाही. चांगली नर्सही रुसणार नाही. उलट नंबर स्वतःच काढून देईल. जी टाळाटाळ करेल, तिच्या हाती आईचं इन्सुलिन देऊ नये.