‘नो पार्किंग’चे चलन आले, पाचशे रुपये लगेच भरायचे का?

समजा, दिंडोरीतल्या एका द्राक्ष बागायतदाराची पिकअप सकाळी औषधे आणायला नाशिकला गेली आणि दुपारी परत आली. रात्री जेवताना मोबाइल वाजतो. संदेशात गाडीचा क्रमांक, गुन्हा ‘नो पार्किंग’ आणि दंड ५०० रुपये. गाडी दुकानासमोर लावली होती हे खरे, पण तिथे फलक होता का, हे काही आठवत नाही. मुलगा म्हणतो, ‘भरून टाका, पाचशेसाठी कोण डोकं लावतंय!’ बहुतेक घरांत विषय इथेच संपतो.

पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे पहिल्या वेळचा दंड ५०० रुपयांपर्यंत आहे, तर दुसऱ्यांदा किंवा त्यापुढे तोच १,५०० रुपयांपर्यंत जातो. केंद्राने २०१९ मध्ये दंड वाढवले आणि महाराष्ट्राने ते डिसेंबर २०२१ पासून लागू केले. म्हणजे चूक नसताना गुपचूप भरलेले पाचशे रुपये पुढच्या वेळच्या दीड हजारांची वाट मोकळी करून ठेवतात. आठवड्यातून चार वेळा माल घेऊन शहरात जाणाऱ्याला हा हिशेब लहान नाही.

दुसरी गोष्ट, चलन म्हणजे निकाल नव्हे. तो पोलिसांनी ठेवलेला आरोप असतो. जागेवर किंवा ऑनलाइन भरतो ती रक्कम कायद्याच्या भाषेत तडजोड शुल्क आहे. ते भरले की आरोप मान्य केल्यासारखे होऊन प्रकरण मिटते. मान्य नसेल तर हरकत घेता येते.

आधी चलन खरे आहे का?

व्हॉट्सॲपवर ‘तुमचे चलन’ म्हणून एपीके फाइल आली तर ती उघडू नका. चलनाची रक्कम राहते बाजूला आणि बँक खाते रिकामे होते. खरे चलन राज्य वाहतूक पोलिसांच्या ‘महाट्रॅफिक’ ॲपवर किंवा शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असलेल्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून दिसते. संदेशातली लिंक न दाबता आपण स्वतः तिथे जाऊन पाहावे. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा.

चलन खरे निघाले तर त्यासोबतचा फोटो मोठा करून पाहा. हरकतीचा निम्मा जीव या फोटोत असतो. क्रमांकातला एक आकडा इकडचा तिकडे झाला की पुण्यातल्या स्कूटरचे चलन दिंडोरीतल्या पिकअपच्या नावावर पडू शकते. गाडीचा प्रकार, रंग, जागा, तारीख, वेळ सगळे जुळते का? फोटोत नुसती नंबर प्लेट आहे, की गाडी कुठे उभी होती हेही कळते? फक्त प्लेटच्या फोटोवरून पार्किंगचा गुन्हा कसा दिसणार, हा प्रश्न विचारायलाच हवा.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना घटनेपासून १५ दिवसांत पाठवली पाहिजे, असे तो सांगतो. पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर सवडीने चलन करण्याबद्दल मालवाहतूकदारांची ओरड होती. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने त्याला मनाई करणारे आदेश काढले. म्हणून घटनेची वेळ आणि चलन तयार झाल्याची वेळ, दोन्ही टिपून ठेवा.

‘फलकच नव्हता’ हे नेहमी चालत नाही

सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. २०१७ च्या मोटार वाहन (ड्रायव्हिंग) विनियमांनी काही जागा मुळातच पार्किंगला बंद केल्या आहेत. तिथे फलक असो वा नसो. चौकाच्या किंवा तिठ्याच्या कडेपासून ५० मीटरपर्यंत, पदपथावर, झेब्रा पट्ट्यांवर, बसथांब्यापाशी बस अडेल अशी, शाळा वा रुग्णालयाच्या फाटकाजवळ, कुणाच्या दारासमोर, आधीच उभ्या असलेल्या गाडीला समांतर दुसरी रांग करून, किंवा रस्त्याच्या कडेला सलग पिवळी रेघ असेल तिथे गाडी लावता येत नाही. पन्नास मीटर म्हणजे किती, हे एकदा पावलांनी मोजून पाहा. दिंडोरीसारख्या गावात दोन तिठ्यांमधले अंतरच कधी कधी तेवढे भरत नाही! गुरुवारी स्वामी समर्थ केंद्रात येणाऱ्या किंवा नवरात्रात वणीमार्गे सप्तशृंग गडाकडे जाणाऱ्या गाड्या ‘सगळेच लावतात’ म्हणून जिथे उभ्या राहतात, त्यातल्या कित्येक जागा या यादीत बसतात. अशा ठिकाणचे चलन असेल तर मुलाचे ऐकावे आणि भरून टाकावे.

इतर रस्त्यांची गोष्ट वेगळी. तिथे पार्किंग बंद करायचे तर अधिकार असलेल्या यंत्रणेने तसा आदेश काढायला हवा आणि रस्त्यावर फलक लावायला हवा. नाशिक शहरात हे अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहेत, ग्रामीण भागात जिल्हा प्रशासनाकडे. दुकानदाराने शटरवर रंगवलेले ‘नो पार्किंग’ म्हणजे असा आदेश नव्हे. फलक असून वाढदिवसाच्या फ्लेक्सने झाकला असेल, तर तेही सांगण्यासारखे आहे. म्हणून शक्य तितक्या लवकर त्याच जागी जाऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. चार महिन्यांनी तिथे नवा कोरा फलक उभा असेल, तर तुमच्या म्हणण्याला काय पुरावा?

फलकातही फरक असतो. लाल कडेच्या निळ्या वर्तुळात एकच तिरपी रेघ असेल तर पार्किंग बंद. फुलीसारख्या दोन रेघा असतील तर थांबणेही बंद. पहिल्या फलकाखाली म्हातारीला उतरवण्यापुरती थांबलेली रिक्षा आणि तासभर लावून ठेवलेली मोटार यांना एकाच मापाने मोजता येत नाही. चालक गाडीत होता, माणसे उतरत होती, असे असेल तर हरकतीत ते स्पष्ट लिहा.

गाडी उचलून नेली असेल तर कलम १२७ पाहा. पार्किंगला बंदी असलेल्या जागेवरची गाडी उचलायचा किंवा तिला जॅमर लावायचा हुकूम, हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकाऱ्यानेच द्यायचा असतो. टोइंग ठेकेदाराच्या पोरांनी परस्पर गाडी उचलणे यात बसत नाही. हुकूम योग्य असेल तर मात्र उचलण्याचा खर्च मालकाच्याच डोक्यावर, आणि दंड वेगळा.

ब्रिटनमध्ये काय होते?

ब्रिटनमध्ये शिकायला वा नोकरीला गेलेल्यांनाही पार्किंगची नोटीस चुकत नाही. तिथे नगरपरिषदेच्या रस्त्यावरील दंड १४ दिवसांत भरला तर साधारण निम्म्यावर येतो. हरकत आधी परिषदेकडे घ्यायची. ती फेटाळली गेली तर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाता येते, आणि तिथे फी लागत नाही. सुपरमार्केटच्या आवारातली खासगी कंपनीची नोटीस दिसायला अगदी तशीच असते, पण तो सरकारी दंड नसून कराराचा दावा असतो.

तिथला गाजलेला खटलाही फलकावरूनच फिरला. चेम्सफर्डमध्ये बॅरी बीव्हिस यांची गाडी दोन तासांच्या मोफत मुदतीपेक्षा ५६ मिनिटे जास्त उभी राहिली. ८५ पौंडांची मागणी त्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवली आणि २०१५ मध्ये ते हरले. आकाराचे मोठे, ठळक फलक जागोजागी होते, हे न्यायालयाच्या निर्णयातले एक महत्त्वाचे कारण होते.

आपल्याकडे पार्किंगसाठी असे वेगळे, फुकटचे न्यायाधिकरण नाही. पहिली तक्रार ज्यांनी चलन केले त्यांच्याच खात्याकडे जाते. हे गैरसोयीचे आहे, पण म्हणून दार बंद आहे असे नाही.

हरकत कशी घ्यायची?

महाट्रॅफिक ॲपवर आणि संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. चलन क्रमांक टाकायचा, कारण चार ओळींत लिहायचे, फोटो जोडायचे. ‘अन्याय झाला’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘फोटोतील वाहन मोटारसायकल आहे, माझ्या नावावरील क्रमांक पिकअपचा आहे’ हे वाक्य जास्त काम करते. सोबत आरसीची प्रत जोडा. त्या वेळी गाडी दुसरीकडे होती हे दाखवणारी टोलची नोंद किंवा बाजार समितीची पावती असेल तर तीही. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

फलकाचा वाद असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज उपयोगी पडतो. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांची मर्यादा आणि ३० दिवसांत उत्तर. मागायचे एवढेच: अमुक रस्त्याचा अमुक टप्पा ‘नो पार्किंग’ घोषित करणाऱ्या आदेशाची प्रत.

तक्रार फेटाळली गेली आणि तरीही मान्य नसेल तर न्यायालय. प्रकरण आभासी न्यायालयाकडे, म्हणजे व्हर्च्युअल कोर्टाकडे गेले असेल तर तिथे दोन पर्याय दिसतात: दंड भरणे किंवा खटला लढवणे. दुसरा निवडला की प्रकरण त्या हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयाकडे जाते आणि गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांवर येते. चलन नाशिक शहरातले असेल तर तारखेलाही नाशिकलाच जावे लागेल. पाचशेच्या दंडासाठी एक दिवसाची मजुरी, भाडे आणि वकील परवडतो का, हा विचार ज्याने त्याने करायचा. मात्र क्रमांकाची नक्कल करून कुणी दुसरीच गाडी फिरवत असेल आणि चलनांची रांगच लागली असेल, तर थांबू नका. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

जुन्या चलनांबाबत एक मुद्दा फारसा कुणी सांगत नाही. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४ सांगते. योग्य कारण असेल तर न्यायालय उशीर माफ करू शकते. तीन वर्षांपूर्वीच्या चलनावर आज समन्स आले तर वकिलाला हा प्रश्न जरूर विचारा. पण पोर्टलवरचा थकीत आकडा यामुळे आपोआप पुसला जात नाही, आणि गाडी विकायला काढली की तो आडवा येतोच.

राहिली लोकअदालत. थकीत चलनांच्या नोटिसा तिच्यासाठीही येतात. तिथे सामोपचाराने रक्कम ठरते आणि प्रकरण कायमचे मिटते, त्यावर अपील होत नाही. चूक झालेली आहे, चलने साठली आहेत आणि एकदाचा निकाल लावायचा आहे, अशांसाठी ती जागा चांगली. गाडी तिथे नव्हतीच असे म्हणणाऱ्याने मात्र लोकअदालतीच्या तारखेची वाट पाहत बसू नये. फोटो आणि आरसीची प्रत जोडून आजच तक्रार टाकावी.