जनावर शोधायला निघालेली माणसं

कोकणात आणि घाटावर अजूनही कित्येक घरांत दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत. 'जनावर' म्हणायचं, नाहीतर 'लांबडं'. नाव घेतलं की ते दारात येतं, अशी समजूत. अशा मुलखात भर जुलैच्या पावसात, रात्री आठच्या सुमारास, पाच-सहा माणसं गमबूट चढवून आणि टॉर्च घेऊन त्याच जनावराच्या शोधात निघतात. इतरत्र लोक त्यांना वेड्यात काढतील. आंबोलीत आता कुणी वळूनही बघत नाही.

सावंतवाडी तालुक्यातलं हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या गावांत त्याची गणना होते. शनिवार-रविवारी धबधब्याखाली भिजायला येणारी गर्दी संध्याकाळी घाट उतरते आणि मग गावाचा ताबा बेडूक घेतात. बेडूक जिथे, साप तिथे.

इथली चाल सावकाश असते. तासाभरात दोनशे मीटर झालं तरी पुष्कळ. नवखा माणूस पायाखालीच उजेड मारत राहतो. जाणता आधी पायाखालचं बघून घेतो आणि मग उजेड कमरेपासून डोक्यापर्यंतच्या झुडपांवरून हळूहळू फिरवतो. पानं, फांद्या, पुन्हा पानं. मध्येच एखादी फांदी जरा जास्तच गुबगुबीत वाटते. टॉर्च मागे येतो. त्रिकोणी डोकं, उभी चिरेसारखी बाहुली, आणि डोळा व नाकपुडी यांच्या मधोमध एक खळगा. तो मलबारी चापडा. त्या खळग्याने त्याला अंधारातही भक्ष्याच्या अंगाची ऊब कळते. याच जातीचे साप हिरवे असतात, तपकिरी असतात, पिवळे-नारिंगीही असतात. त्यामुळे रंगावरून साप ओळखू पाहणाऱ्याची इथे पहिल्याच रात्री फजिती होते. चापडा पळत नाही. बेडूक टप्प्यात येईपर्यंत तो तासन् तास तसाच बसून राहतो.

हे एकट्याने करायचं काम नव्हे. आपल्याकडचं सर्पदंशावरचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांपासून तयार होतं. चापड्याच्या दंशावर त्याचा भरवसा धरता येत नाही. सोबत जाणता माणूस असेल तर हात नेमका कुठल्या फांदीवर ठेवायचा नाही, हे आधी कळतं. पण असा माणूस भेटणार कुठे?

पूर्वी सापांचा नाद लागलेल्या पोरांना घरच्यांच्या शिव्या आणि एखादं पुस्तक एवढाच आधार होता. हाफकिन संस्थेत काम केलेले पी. जे. देवरस यांचं भारतीय सापांवरचं पुस्तक १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टने काढलं. मग १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास बसले, आणि १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. त्यातून एक अख्खी पिढी तयार झाली आणि 'सर्पमित्र' हा शब्द गल्लोगल्ली पोचला. लोकांची भीती मोडायला तेव्हा असं धाडस बहुधा लागतच होतं. पण त्याची एक सवय मागे राहिली: साप दिसला की हात पुढे जातो. गळ्यात नाग घालून फोटो काढणारे आजही आहेत, आणि त्यातल्या काहींचा शेवट बातमीत वाचायला मिळतो.

म्हणून सोबती निवडायची सोपी कसोटी म्हणजे साप दिसल्यावर त्याचे हात कुठे जातात ते बघणं. वहीकडे किंवा कॅमेऱ्याकडे गेले तर त्याच्याबरोबर जावं. शेपटीकडे गेले तर परतीची एसटी धरावी. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याखाली विनापरवाना साप पकडणं आणि बाळगणं हा गुन्हा आहे. घरात साप निघालाच तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे.

नुसतं बघत राहणाऱ्यांच्या हाती काय लागतं, याचं उदाहरण आंबोलीतच आहे. इथले निसर्ग अभ्यासक हेमंत ओगले यांचं नाव २०१२ साली पश्चिम घाटातल्या पोवळा सापाच्या एका नव्या जातीचं वर्णन करणाऱ्या शोधनिबंधात शास्त्रज्ञांच्या बरोबरीने छापून आलं. पुढे २०१९ साली कोयनेच्या जंगलातून मांजऱ्या सापाची नवी जात जाहीर झाली. तो तेजस ठाकरे यांना आढळला होता, म्हणून त्यांच्या आडनावावरून नाव पडलं. पश्चिम घाटात मांजऱ्या सापांची नवी जात मिळायला सव्वाशे वर्षं गेली होती. हा मांजऱ्या बेडकांची अंडी खातो, ही नोंद तर त्याहून गमतीची.

ज्यांना आंबोली लांब पडते त्यांनी आपल्याच आळीपासून सुरुवात करावी. जुन्या घराच्या भिंतीवर पालीच्या मागे लागलेला कवड्या हा उत्तम पहिला धडा. लोक त्याला मण्यार समजून मारतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं नेमकं उलटं, आणि तिचे पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात. हे दाराबाहेर उभं राहून, टॉर्चच्या उजेडात, चांगलं आठ-दहा फुटांवरून बघायचं. पिल्लांत आणि कात टाकायला आलेल्या सापांत हा हिशेब चुकू शकतो, म्हणून शंका असेल तिथे तो मण्यारच धरायचा.

आणखी एक पथ्य जुनी मंडळी कटाक्षाने पाळतात. साप कुठे दिसला ते गावभर सांगत नाहीत. मांडुळाने पैशांचा पाऊस पडतो असं मानणारे गिऱ्हाईक आजही सापडतात, आणि त्या गरीब, बिनविषारी सापाची चोरटी विक्री करणाऱ्या टोळ्या राज्यात वरचेवर पकडल्या जातात. फोटो सगळ्यांना दाखवावा, जागा दाखवू नये.

आंबोलीच्या त्या झुडपापाशी रात्री अकराला वहीत नोंद होते: तारीख, पाऊस, फांदीची उंची, सापाचा रंग, तोंड ओढ्याकडे. दुसऱ्या रात्री मंडळी मुद्दाम त्याच वाटेने जातात. चापडा त्याच फांदीवर असतो. तोंड मात्र रस्त्याकडे केलेलं.