बायोकेमिस्ट्रीची पदवी: खर्च किती, मोल किती?

नीटमध्ये गुण कमी पडले की अनेक घरांत बीएस्सी बायोकेमिस्ट्रीचं नाव निघतं. ‘मेडिकलच्या जवळचंच आहे’ असं म्हणून अर्ज भरला जातो आणि पहिला गैरसमज तिथेच होतो. अमेरिकेत आधी पदवी घेऊन मग वैद्यकीय शिक्षणाला जातात, म्हणून तिथे हा विषय डॉक्टर होण्याच्या वाटेवर येतो. आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश नीटमधूनच होतो आणि बीएस्सीमुळे त्यात एका गुणाचीही भर पडत नाही. पदवी हातात आली की स्वतःची पॅथॉलॉजी लॅब टाकता येईल, ही आशाही अशीच. तपासणीच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून लागायचं, तर तिथे डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञानाचा डिप्लोमा) झालेल्यांना पहिली पसंती असते.

मग ‘या विषयाला स्कोपच नाही’ असं म्हणावं का? तेही खरं नाही. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठी केंद्राच्या २०११ च्या नियमांत बायोकेमिस्ट्रीची साधी पदवी पुरते. केमिस्ट्रीवाल्याला मात्र तिथे एमएस्सी लागते. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनातली (एफडीए) ही पदं एमपीएससीमार्फत भरली जातात. पात्र होणं म्हणजे नेमणूक नव्हे, जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी, पण हे दार उघडं आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं. औषध कारखान्यांत चित्र उलटं असतं. उत्पादनावर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञ कर्मचाऱ्यासाठी १९४५ च्या औषध नियमांत विज्ञान पदवीधर चालतो, मात्र पदवीला केमिस्ट्री हा मुख्य विषय हवा आणि त्यानंतर औषधनिर्मितीचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. म्हणून प्रवेश घेताना पदवीच्या नावापेक्षा विषयांची जोडी बघावी. बायोकेमिस्ट्रीसोबत केमिस्ट्री मुख्य विषय म्हणून राहते का, आणि गुणपत्रिकेवर ते कसं छापून येतं, हे कॉलेजात जाऊन विचारावं. या एका ओळीवर पुढची नोकरी अडू शकते.

खर्चाबाबतचा समज अधिक महाग पडतो. अनुदानित कॉलेजात वर्षाची फी काही हजारांत भागते, खासगी विद्यापीठांत ती लाखाच्या वर जाते, आणि ‘जास्त फी म्हणजे चांगली लॅब, चांगली लॅब म्हणजे चांगली नोकरी’ असा हिशेब मांडला जातो. यातलं पहिलं पाऊल कधीकधी खरं असतं. पण पदवीच्या पातळीवर लागतं काय? कलरीमीटर, पीएच मीटर, सेंट्रिफ्यूज, इलेक्ट्रोफोरेसिसचा संच. बाययुरेट पद्धतीने प्रथिनं मोजायची, तर अल्ब्युमिनच्या वाढत्या प्रमाणाच्या नळ्या लावायच्या, ५४० नॅनोमीटरला वाचन घ्यायचं, आलेख काढायचा आणि अज्ञात नमुन्याचं उत्तर त्यावरून शोधायचं. पिपेट धरणारा हात कच्चा असेल तर बिंदू सरळ रेषेत बसत नाहीत, आणि हा हात काही कोट्यवधींच्या यंत्राने तयार होत नाही. एका उपकरणाभोवती दहा जण उभे राहून एकच जण वाचन घेत असेल, तर फी कितीही असो, ते शिक्षण तोकडंच. कॉलेज बघायला गेलात तर चकाचक यंत्रांचे फोटो सोडून द्या. एका बॅचमध्ये किती मुलं असतात आणि प्रत्येकाला स्वतः प्रयोग करायला मिळतो का, एवढं विचारा.

माझं म्हणणं एवढंच की या विषयाचं खरं मोल बहुतेक वेळा पुढच्या पायरीवर वसूल होतं, म्हणून पहिली पायरी कर्ज काढून चढू नये. आयआयटी जॅम आणि गॅट-बी या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षा कॉलेजची फी बघत नाहीत. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथं वर्ष ऑनर्सचं केलं तर एमएस्सी एका वर्षात होऊ शकते. ७५ टक्के गुण असतील तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे थेट पीएचडीसाठीही अर्ज करता येतो.

यावर रास्त आक्षेप असा की प्रत्येक घर पाच-सहा वर्षं थांबू शकत नाही. ही अडचण खरी आहे, आणि ‘आवड असेल तर सगळं जमतं’ असं सांगून ती झाकणं अन्यायाचं आहे. पदवी संपताच पगार हवाच असेल, तर केमिस्ट्री मुख्य विषय घेऊन एचपीएलसीसारख्या विश्लेषण यंत्रावरचं काम शिकणं किंवा सरळ बीएमएलटी ही लॅब तंत्रज्ञानाची पदवी करणं हा जास्त सुरक्षित निर्णय ठरेल. पुढे शिकायची तयारी असेल आणि अनुदानित जागा मिळत असेल, तर बायोकेमिस्ट्री जरूर घ्या. लाखांची फी आणि ‘पुढचं पुढे बघू’ ही जोडी मात्र टाळा, आणि फी भरण्याआधी राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर आपण कोणत्या शिष्यवृत्तीत बसतो ते तपासून घ्या.