जेवणघरातला छापखाना

२३ मार्च १९१७. पहिलं महायुद्ध चालू होतं. लंडनच्या फॅरिंग्डन स्ट्रीटवरून दुपारच्या वेळी एक जोडपं चाललं होतं. छपाईचं सामान विकणाऱ्या एका दुकानापाशी दोघांचे पाय थबकले. काचेपलीकडे हाताने चालवायची छोटी यंत्रं मांडलेली होती. जत्रेत खेळण्यांच्या दुकानापुढून तुमचा पाय निघत नाही ना, अगदी तसंच त्या दोघांचं झालं!

ती दोघं आत गेली. यंत्र, खिळे आणि बाकीचं सामान मिळून एकोणीस पौंड आणि वर काही शिलिंग खर्च आला. छापायचं कसं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. छपाईच्या शाळेत त्यांना प्रवेश मिळाला नव्हता. पण दुकानदाराने सोळा पानांची एक पुस्तिका हातात ठेवली आणि सांगितलं, ही वाचली की जमेल!

बायकोचं नाव होतं व्हर्जिनिया वुल्फ. विसाव्या शतकातल्या मोठ्या लेखिकांमध्ये त्यांची गणना होते. गोष्टीत पुढे काय घडलं यापेक्षा माणसाच्या मनात क्षणाक्षणाला काय चालतं, ते त्यांनी कादंबरीत आणलं. त्यांच्यावर आज ढीगभर पुस्तकं आहेत. नवऱ्याचं नाव मात्र फार थोड्यांच्या लक्षात असतं. ते होते लिओनार्ड वुल्फ. दोस्तांनो, आजची गोष्ट त्यांची आहे.

लिओनार्डचा जन्म १८८० चा, लंडनचा. केंब्रिजमध्ये शिक्षण झाल्यावर १९०४ साली ते सरकारी अधिकारी म्हणून श्रीलंकेत गेले. तेव्हा तिला सिलोन म्हणत. सात वर्षं ते तिथे राहिले. सिंहली आणि तमिळ शिकले. हळूहळू त्यांना वाटायला लागलं की, दुसऱ्यांच्या देशावर आपण राज्य करणं काही बरोबर नाही. १९१२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हर्जिनियांशी लग्न केलं. पुढे भारताला स्वराज्य मिळायला हवं, असं इंग्लंडमध्ये राहून सांगणाऱ्यांमध्ये तेही होते.

व्हर्जिनियांना मनाचा आजार होता. ताप आला की थर्मामीटरमध्ये दिसतो, हाडमोडलं की प्लास्टर घालता येतं. मनाच्या आजाराचं तसं नसतं. तो आला की त्यांना झोप लागत नसे, जेवण जात नसे, लिहिणं तर दूरच. लग्नानंतरच्या पहिल्या तीन वर्षांत हे दुखणं फार वाढलं. तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती. लिओनार्डनी मग स्वतःच लक्ष ठेवायला सुरुवात केली. आज झोप किती झाली, जेवण किती झालं, दिवस कसा गेला, हे ते रोज डायरीत टिपून ठेवत. आणि गंमत म्हणजे यातल्या काही नोंदी त्यांनी सिंहली आणि तमिळ अक्षरांच्या गुप्त लिपीत केल्या होत्या! म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी कळायला नको.

त्यांचे नियम कडक होते. वेळेवर दूध, वेळेवर झोप, पाहुण्यांची गर्दी नको. व्हर्जिनियांना कधीकधी याचा जाच वाटे. हे जरा जास्तच होतं, असं म्हणणारे लोक आजही आहेत. पण १९१५ नंतर व्हर्जिनियांनी जी मोठी पुस्तकं लिहिली, ती याच शिस्तीच्या घरात लिहिली हेही खरं.

छापखान्यामागचा विचारही तोच होता. लिहून लिहून डोकं शिणतं, मग दुपारी हातांना काम मिळालं तर मनाला विसावा मिळेल, असं लिओनार्डना वाटलं. रिचमंड गावातल्या ‘होगार्थ हाउस’ या त्यांच्या घरी यंत्र आलं आणि थेट जेवणघरात बसलं!

त्या काळी छपाई म्हणजे शिशाचे खिळे जुळवणं. एकेका अक्षराचा एकेक खिळा आणि तोही उलटा, आरशात दिसावा तसा. खिळे जुळवायचे, शाई लावायची, कागद दाबायचा. मग पुन्हा सगळे खिळे सोडवून जागच्या जागी ठेवायचे. तुमच्या गावातल्या जुन्या छापखान्यात कुणी जुळारी आजोबा असतील, तर त्यांना विचारून बघा.

लिओनार्डचे हात जन्मापासून थरथरत. खिळे उचलणं त्यांना जमणारं नव्हतं. म्हणून खिळे जुळवायचे व्हर्जिनियांनी आणि यंत्र चालवायचं लिओनार्डनी, अशी वाटणी झाली. सुरुवातीला व्हर्जिनियांकडून इंग्रजी ‘एच’ आणि ‘एन’च्या खिळ्यांची सरमिसळ झाली आणि ते निवडता निवडता पुरेवाट झाली!

जुलै १९१७ मध्ये पहिलं पुस्तक निघालं. त्यात एक गोष्ट त्याची, एक तिची. प्रती होत्या सुमारे दीडशे. दोन वर्षांनी व्हर्जिनियांची ‘क्यू गार्डन्स’ ही कथा छापली. एका साप्ताहिकात तिची स्तुती आली. दोघं बाहेरगावाहून परत येऊन पाहतात, तर दारात पत्रांचा ढीग! सगळीकडून मागणी आली होती. १९२३ मध्ये टी. एस. एलियट या कवीची ‘द वेस्ट लँड’ ही गाजलेली कविता त्यांनी छापली. तिचे खिळेसुद्धा व्हर्जिनियांनीच जुळवले होते. १९४६ पर्यंत ‘होगार्थ प्रेस’ने पाचशेहून अधिक पुस्तकं काढली. आपले मुल्कराज आनंद तरुणपणी लंडनमध्ये होते तेव्हा त्यांनी याच प्रेसमध्ये मुद्रितं तपासली होती. पुढे हेच आनंद मुंबईत राहिले आणि २००४ साली पुण्यात वारले.

घरचाच छापखाना असल्याचा सर्वांत मोठा फायदा कोणता झाला, सांगा बरं? पुढे व्हर्जिनियांना दुसऱ्या प्रकाशकाची मर्जी सांभाळावी लागली नाही. जसं सुचेल तसं, हवं ते लिहिता आलं. लिहून झालं की पहिलं वाचन लिओनार्डचं. त्यांचं मत काय पडतं, याची त्या धडधडत्या छातीने वाट बघत.

लिओनार्डना बागेचाही फार नाद. रॉडमेल गावातल्या ‘मंक्स हाउस’च्या बागेत १९३९ साली ते आयरिस फुलझाडं लावत होते. रेडिओवर हिटलरचं भाषण लागलंय, म्हणून व्हर्जिनियांनी त्यांना हाक मारली. मी नाही येत, असं ते बागेतूनच ओरडले. हा माणूस गेल्यानंतरही ही फुलं कितीतरी वर्षं फुलत राहतील! आणि खरोखर, हिटलर मेल्यावर एकवीस वर्षांनीही तिथे त्यातली काही फुलं उमलत होती.

दुसऱ्या महायुद्धात आजाराने पुन्हा उचल खाल्ली आणि २८ मार्च १९४१ ला त्या आजारातच व्हर्जिनिया गेल्या. लिओनार्ड मागे राहिले. बायकोचे अप्रसिद्ध लेख, कथा, डायऱ्यांमधला निवडक भाग हे सगळं त्यांनी नीट लावून एकामागून एक प्रसिद्ध केलं. १४ ऑगस्ट १९६९ ला ते वारले. त्यांनी स्वतःही कादंबऱ्या, राजकारणावरचे ग्रंथ आणि पाच खंडांचं आत्मचरित्र लिहिलं. पण लोक त्यांना ओळखतात ते ‘व्हर्जिनियांचा नवरा’ म्हणूनच.

दोस्तांनो, आपण टाळ्या वाजवतो त्या रंगमंचावरच्या माणसासाठी. पण पडदा ओढणारा, दिवे लावणारा कुणीतरी आत उभा असतोच. तुमच्याही घरात असं कुणी असेल. रात्री तुमच्या वह्यांना कव्हर घालणारं, परीक्षेच्या दिवशी तुमच्याआधी उठणारं. आज त्यांच्याजवळ जरा बसा. आणि पुढच्या वेळी पुस्तक हातात घ्याल तेव्हा आतलं ते बारीक अक्षरांचं पान, प्रकाशक आणि मुद्रकाच्या नावांचं, तेही एकदा वाचा!