जुरोंगचे पक्षी उद्यान : दर्शनापासून संवर्धनापर्यंत

सार्वजनिक पक्षिगृह म्हणजे पक्षी आत आणि प्रेक्षक बाहेर, ही मांडणी दीर्घकाळ सर्वत्र रूढ होती. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनासाठी स्मिथसोनियन संस्थेने २२८ फूट लांब आणि ५० फूट उंच जाळीघर उभारले व त्यातून प्रेक्षकांसाठी वाट काढली, तेव्हा तिला महत्त्वाचा छेद गेला. पुढे १९६५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ताणलेल्या तारांच्या आधारावर उभे राहिलेले स्नोडन पक्षिगृह खुले झाले आणि पक्ष्याला पंख पसरून उडता येईल एवढा अवकाश हा अशा वास्तूचा निकष ठरत गेला.

या परंपरेत सिंगापूरच्या जुरोंग बर्ड पार्कचे स्थान विशेष आहे. ब्राझीलच्या दौऱ्यात रिओ दि जानेरो येथील प्राणिसंग्रहालयातले मुक्त पक्षिदालन पाहून मंत्री गोह केंग स्वी यांना ही कल्पना सुचली, आणि ३ जानेवारी १९७१ रोजी जुरोंग या औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील टेकडीवर सुमारे वीस हेक्टरांचे उद्यान खुले झाले. कारखान्यांच्या वस्तीलगत कामगारांच्या कुटुंबांना विरंगुळ्याची जागा मिळावी, हाही त्यामागचा हेतू होता. सुमारे दोन हेक्टरांवर जाळी ताणलेले दालन आणि त्यातला तीस मीटर उंचीचा कृत्रिम धबधबा ही उद्यानाची ओळख बनली.

अशा दालनाचे कामकाज दिसते त्याहून काटेकोर असते. प्रवेशाशी एकापाठोपाठ दोन दारे असतात आणि पहिले बंद झाल्याखेरीज दुसरे उघडायचे नाही, असा दंडक असतो, कारण एकदा निसटलेला पक्षी क्वचितच हाती लागतो. जाळीची भोके पक्ष्याचे डोके अडकणार नाही आणि उंदीर-साप आत शिरणार नाहीत, अशा मापाची ठेवावी लागतात. अंडी फोडणाऱ्या वा विणीच्या काळात भांडखोर होणाऱ्या जाती इतरांपासून वेगळ्या ठेवतात, तर बाहेरून आलेल्या प्रत्येक पक्ष्याला आधी विलगीकरणात राहावे लागते. अन्यथा बर्ड फ्लूसारखा रोग सगळ्या थव्यात पसरू शकतो.

मात्र पक्षिगृहाचे खरे मोल त्याच्या वंशनोंदवहीत असते. कोणत्या पक्ष्याचे आईबाप कोणते, याची ही नोंद वेगवेगळ्या संस्थांतील जोड्या जुळवताना उपयोगी पडते, आणि त्यामुळे जवळच्या नात्यातील प्रजनन टाळता येते. ग्वाम बेटावर नकळत पोहोचलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने तेथील पक्षिजीवन उद्ध्वस्त केले, तेव्हा तिथला खंड्या केवळ पिंजऱ्यात पैदास झाल्यामुळे वाचला. २०२४ साली त्यातील काही पक्षी पॅल्मायरा प्रवाळबेटावर सोडण्यात आले. बाली मैनेच्या बाबतीत पक्षिबाजाराने जंगले रिती केली आणि या जातीचा वंश टिकवण्याची जबाबदारी मोठ्या प्रमाणावर पक्षिगृहांवर येऊन पडली. तरीही मर्यादा स्पष्ट आहेत: थोड्या पूर्वजांपासून वाढवलेल्या संख्येत आनुवंशिक विविधता कमी राहते, आणि फासेपारध किंवा परका शिकारी तसाच राहिला, तर सोडलेला पक्षी पुन्हा त्याच संकटात सापडतो.

उद्घाटनानंतर बरोबर ५२ वर्षांनी, ३ जानेवारी २०२३ रोजी, जुरोंगचे उद्यान बंद झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्याच्या जागी सिंगापूरमधीलच मंडाई येथे ‘बर्ड पॅरडाइज’ खुले झाले. सुमारे सतरा हेक्टरांवरील या उद्यानात प्रेक्षकांना फिरता येतील अशी आठ दालने आणि सुमारे चारशे जातींचे साडेतीन हजार पक्षी आहेत. मुंबईच्या राणीबागेतही २०२० पासून प्रेक्षकांना आत शिरून पाहता येणारे पक्षिदालन आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी वन्य पक्षी घरी पाळता येत नाहीत. म्हणून असे पक्षी जवळून दाखवण्याची आणि त्यांच्याविषयी आस्था निर्माण करण्याची जबाबदारी मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांवर येते. ती पार पडते की नाही, हे तिकीटविक्रीच्या आकड्यांवरून ठरवता येणार नाही. किती जातींची निरोगी पिढी वाढली आणि त्यांतील किती पक्षी सुरक्षित अधिवासात परतले, यावरूनच पक्षिगृहाचे मूल्यमापन व्हायला हवे.